अंगणवाडी म्हणजे शिधावाटप केंद्र नव्हे

'अंगणवाडी' हा शब्द मराठी आहे. रायपूरच्या गुढियारीत किंवा बिरगावच्या कामगार वस्तीत हिंदी-छत्तीसगढी बोलणारी आईदेखील आपल्या मुलाला 'आंगनबाड़ी'तच पाठवते. या शब्दामागे ज्या बाईंची तपश्चर्या आहे, त्या ताराबाई मोडक यांचे नाव मात्र येथील फार थोड्या लोकांना ठाऊक असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शब्द जनतेचा झाला की कर्त्याचे नाव मागे पडतेच. माझी तक्रार वेगळी आहे. शासनाने ताराबाईंचा शब्द घेतला आणि त्यातला विचार बाजूला ठेवला.

हा विचार काय होता, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये रुजले. बालवाडी काढली तरी गरिबाचे मूल तेथे येत नाही, हे या दोघींच्या लवकरच ध्यानात आले. तेव्हा 'पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही' असा अहवाल लिहून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणून 'विकासवाडी' उभी केली, कारण धाकटे भावंड सांभाळायला कोणी असल्याशिवाय थोरली बहीण शाळेत येऊ शकत नाही. मूल, आई, भावंड आणि वस्ती यांचा एकत्र विचार करावयाचा आणि संस्थेने कुटुंबाच्या सोयीने वागावयाचे, हे त्या कामाचे सूत्र होते. करुणा हा शब्द मी येथे याच अर्थाने वापरतो. समोरच्या माणसाची अडचण खरी आहे असे मानून आपली व्यवस्था बदलणे म्हणजे करुणा. डोळ्यांत पाणी आणण्याशी तिचा फारसा संबंध नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. एकट्या छत्तीसगढमध्ये त्यांची संख्या पन्नास हजारांहून अधिक आहे. इतके मोठे जाळे उभे करणे हे भारतीय प्रशासनाचे असामान्य यश आहे, हे मी निःसंकोचपणे मान्य करतो. योजनेच्या कागदावर सहा सेवा आहेत : पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईसाठी पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण. व्यवहारात मात्र पहिल्या सेवेने बाकीच्यांना, विशेषतः शेवटच्या सेवेला, गिळून टाकले. याचे कारण सोपे आहे. वाटलेले पाकीट मोजता येते, शिजवलेला भात मोजता येतो, मुलाचे वजन मोजता येते. तीन वर्षांच्या मुलाशी सेविका दिवसभरात किती वेळ बोलली, हे कोणत्याही मासिक प्रगती अहवालात येत नाही. प्रशासनाचा स्वभावच असा की, जे रकान्यात बसत नाही ते घडतच नाही.

यात नव्या तंत्राची भर पडली आहे. १ मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' आला. जुलै २०२५ पासून घरी न्यावयाच्या पोषण आहारासाठी लाभार्थ्याच्या चेहऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे झाले. गळती थांबावी हा हेतू योग्यच आहे. परंतु सेविका भ्रमणध्वनी वर धरून गर्भवतीच्या चेहऱ्यावर उजेड नीट पडतो की नाही ते पाहत बसते, तेव्हा मागे चटईवर बसलेली मुले कोणाच्या हवाली असतात? पाकीट गळू नये म्हणून आपण इतकी दक्षता घेतो. मुलाच्या आयुष्यातले गळून जाणारे तास नोंदवायला कोणते यंत्र आहे?

'आधी पोट, मग पाटी' असे यावर सांगितले जाते. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते, पण पुरावा वेगळे सांगतो. जमैकातील किंग्स्टन येथे १९८६-८७ पासून १२९ खुरटलेल्या बालकांवर एक प्रसिद्ध अभ्यास झाला. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी दर आठवड्याला एक आरोग्यसेविका जाऊन, घरगुती वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे व बोलावे हे आईला दाखवीत असे. हे दोन वर्षे चालले. सुमारे वीस वर्षांनी या मुलांची कमाई पाहिली तेव्हा, खेळाचा लाभ मिळालेल्यांची मिळकत इतर खुरटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक आढळली. केवळ आहार मिळालेल्यांत असा दीर्घकालीन फरक दिसला नाही. याचा अर्थ आहार नको असा कोणी काढू नये. उपाशी मुलाला आधी जेवूच घातले पाहिजे. पण जेवू घालून कर्तव्य संपले असे मानणे म्हणजे रोपाला पाणी घालून उन्हाची सोय न करणे होय.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून दुसराही दाखला देतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात पेरी प्रीस्कूल हा प्रयोग १२३ गरीब मुलांवर झाला. त्यात शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन आईला भेटत असे. या प्रयोगावर केलेल्या गुंतवणुकीचा परतावा वर्षाला ७ ते १० टक्के असल्याचा हिशेब नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे. पैसा येथे लावावा की नाही, हा वाद अर्थशास्त्रात आता फारसा उरलेला नाही.

मग पैसा लागत का नाही? येथे आमच्या लेखाशीर्षांचा दोष आहे. उड्डाणपूल हा भांडवली खर्च. सेविकेचे मानधन हा महसुली खर्च. पहिल्याला गुंतवणूक म्हणावयाचे आणि दुसऱ्याला भार. रायपूरकरांनी शास्त्री चौकातला स्कायवॉक आठवावा. २०१७ मध्ये काम सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे तो लोखंडी सांगाडा होऊन उभा होता, तरी लेखाशास्त्राच्या दृष्टीने तो 'मत्ता'च. याउलट, जी बाई रोज पंचवीस-तीस मुलांना बोलायला, ऐकायला, वाट पाहायला आणि वाटून घ्यायला शिकवू शकते, तिच्यावरचा रुपया 'खर्ची पडतो'. ही वर्गवारी हिशेबाच्या सोयीसाठी केलेली आहे. तिला देशाचे धोरण ठरवण्याचा अधिकार कोणी दिला?

कायद्यानेही या वयाची उपेक्षाच केली. मूळ संविधानाच्या अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा उल्लेख होता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटाला मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालील मुलांच्या वाट्याला 'राज्य प्रयत्न करील' एवढेच आश्वासन आले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ नेही शालापूर्व शिक्षणाची व्यवस्था शासनाच्या मर्जीवर सोडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा 'पायाभूत स्तर' मानला, हे स्वागतार्ह आहे. छत्तीसगढनेही ५ सप्टेंबर २०२२ पासून शाळांच्या आवारातील पाच हजारांहून अधिक अंगणवाड्यांत पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाड्या सुरू केल्या. परंतु धोरण हे हक्काची जागा घेऊ शकत नाही.

आता सेविकेकडे वळू. आम्ही तिला 'मानसेवी' म्हणतो, म्हणजे मान देतो आणि वेतन देत नाही. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून तिचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले. छत्तीसगढच्या २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याचा हिस्सा धरून ते ६,५०० वरून १०,००० आणि मदतनिसाचे ३,२५० वरून ५,००० झाले. त्याआधी या महिलांना रस्त्यावर ठिय्या देऊन बसावे लागले होते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निर्णय दिला. इतकी साधी गोष्ट मान्य होण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागावे, यातच सर्व आले. जिच्याशी व्यवस्था करुणेने वागत नाही, तिने तीस मुलांशी करुणेने वागावे ही अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करतो?

'माया काही परिपत्रकाने निर्माण होत नाही' असे एक सहकारी मला नेहमी ऐकवतात. मान्य. पण मायेच्या वाटेतील धोंडे परिपत्रकानेच टाकलेले असतात आणि ते परिपत्रकानेच उचलता येतात. तामिळनाडूत ३२० अंगणवाड्यांच्या प्रयोगात त्यांपैकी निम्म्यांना केवळ शालापूर्व शिक्षणासाठी अर्धवेळ जादा सेविका देऊन पाहिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे गणित व भाषा सुधारली आणि कुपोषणही घटले, कारण मूळच्या सेविकेला त्या कामासाठी वेळ मिळाला. सबब माझ्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक केंद्रात केवळ शिक्षणासाठी दुसरी सेविका नेमावी. मुले केंद्रात असण्याच्या वेळेत नोंदी, सर्वेक्षणे व बैठका यांना पूर्ण बंदी असावी. गृहभेट म्हणजे सही घेणे नव्हे. आईसोबत बसून मुलाशी खेळणे असा तिचा अर्थ लेखी ठरवावा. केंद्रात छत्तीसगढी मोकळेपणाने बोलली जावी, कारण तीन वर्षांच्या मुलाला जी भाषा कळते तीच त्याची शिक्षणभाषा. आणि कामगार वस्त्यांत केंद्र आईच्या पाळीच्या वेळेनुसार चालावे. उरला-सिलतराच्या कारखान्यात संध्याकाळपर्यंत राबणाऱ्या बाईला दुपारी बंद होणारे केंद्र काय उपयोगाचे? याच राज्यात बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने गावोगावी 'फुलवारी' पाळणाघरे चालवून दाखवली आहेत. म्हणजे नमुना शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही.

शेवटी माझ्या मराठी वाचकांना दोन शब्द, कारण दोष केवळ शासनाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. रायपुरात आणि महाराष्ट्राबाहेर सर्वत्र आपण सुस्थितीतले मराठी लोक अंगणवाडीकडे 'त्यांची' म्हणून पाहतो. आपली मुले अडीचाव्या वर्षी दप्तर घेऊन इंग्रजी नर्सरीत जातात, साडेतिसाव्या महिन्यात अक्षरे गिरवतात आणि मुलाखत देतात. एकीकडे शिक्षणच नाही आणि दुसरीकडे शिक्षणाच्या नावाखाली बालपणच नाही. दोन्हीकडे ताराबाईंचा पराभव झाला आहे. आणखी एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा : आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाई सकाळी सातला येतात, तेव्हा त्यांचे दोन वर्षांचे मूल कोणाजवळ असते? बहुतेक घरांत याचे उत्तर 'सात वर्षांच्या बहिणीजवळ' असे मिळेल. ती बहीण त्या वेळी कोणत्या शाळेत असते, हे पुढे विचारण्याची गरजच उरत नाही.

हाच प्रश्न बोर्डीच्या दोन बाईंना १९४५ साली पडला होता. त्यांच्याजवळ ना निधी होता ना यंत्रणा, तरी त्यांनी उत्तर शोधले. आपल्याजवळ आज १४ लाख केंद्रे आहेत. उणीव साधनांची आहे असे म्हणण्याचा अधिकार आपण गमावला आहे.