मनगटाला प्लेट घालावी का?

आषाढ लागला की जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात अंगणे, भाताचे बांध आणि गोठ्यांच्या फरशा शेवाळतात, आणि मनगट धरून दवाखान्यात येणारी वडीलधारी मंडळी वाढतात. पाय घसरला की माणूस नकळत हात पुढे टेकतो. सारा भार तळहातावर येतो आणि अंगठ्याच्या बाजूने मनगटाकडे उतरणारे रेडियस हे हाड सांध्याच्या जरा वर मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलीस यांनी १८१४ साली, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, या मोडीचे वर्णन केले. हात वाकडा राहिला तरी कालांतराने तो हालू लागतो आणि वेदना जाते, असाही त्यांचा अनुभव होता. या निरीक्षणाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, प्लेट घालावी लागेल का?’ मी मात्र आधी बांगड्या पाहतो. तासाभरात हात सुजतो आणि मग पाटल्या कापाव्या लागतात. घरीच साबण लावून बांगड्या, अंगठ्या अलगद काढाव्यात; निघत नसतील तर बांगडी वाढवण्याचा संकोच मानू नये. हात फळीला सैलसर बांधून झोळीत ठेवावा आणि हाडवैद्याकडे मळायला नेऊ नये. मोडलेले हाड मळल्याने सूज वाढते, आणि आवळून बांधल्यास बोटांचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो.

आता ‘अस्थिर’ या शब्दाविषयी. तज्ज्ञ हा शब्द उच्चारतात तेव्हा त्यांना एवढेच सांगायचे असते की, हाड ओढून जागेवर बसवता येईल, पण ते तिथे टिकेल याची खात्री नाही. हाडाच्या मागच्या बाजूचा चुरा झाला असेल, टोक फार कलले असेल, तडा सांध्यात गेला असेल, शेजारचे अल्ना हाडही मोडले असेल किंवा वय साठीपुढचे असेल, तर ही शंका बळावते. यांतल्या तीन गोष्टी एकत्र आल्या तर प्लास्टरच्या आत हाड पुन्हा खचण्याची शक्यता बरीच.

हे मी पुस्तकात वाचले होते. शिकलो मात्र एका आजींमुळे. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. घोडेगावच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या, घरी एकट्या, दोन म्हशी. हाड उत्तम बसले होते, प्लास्टरनंतरचा एक्स-रे देखणा होता. मी मुलाला म्हणालो, ‘सहा आठवड्यांनी आणा.’ सहा आठवड्यांनी प्लास्टर काढले तेव्हा हाड खचून आखूड झाले होते. आजींना तळहात वर करून ओंजळ धरता येईना, धार काढता येईना. आठव्या दिवशी त्यांना बोलावून फोटो काढला असता तर वेळीच मार्ग निघाला असता. ती चूक माझी होती. तेव्हापासून पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याच्या एक्स-रेची तारीख मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहितो. पहिल्या दोन आठवड्यांत निर्णय बदलणे सोपे असते. तीन आठवड्यांनंतर हाड चुकीच्या जागी सांधू लागते आणि शस्त्रक्रिया अवघड होते.

प्लेटची शस्त्रक्रिया बहुधा तळहाताच्या बाजूने, मनगटाच्या वर छेद घेऊन होते. प्लेट बहुधा टायटॅनियमची असते आणि तिचे स्क्रू प्लेटमध्येच पक्के अडकतात. म्हणून ठिसूळ हाडातही पकड मिळते. पुष्कळदा फक्त हाताला भूल देऊन काम भागते, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांना हा मोठा दिलासा. मनगटाची हालचाल लवकर सुरू करता येते. प्लेट सहसा पुन्हा काढावी लागत नाही. जंतुसंसर्ग, नस दबणे, स्क्रू किंवा प्लेटच्या कडेला घासून स्नायूची दोरी तुटणे हे धोके थोडे असले तरी खरे आहेत. काही महिन्यांनी अंगठ्याचे टोक अचानक वाकेनासे झाले तर त्याच दिवशी दाखवावे.

मग प्रत्येकाला प्लेट का नको? ब्रिटनमध्ये हाड बसवलेल्या ५०० रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना तारा घातल्या, निम्म्यांना केवळ प्लास्टर. वर्षअखेरीस दोन्ही गटांचे हात सारखेच चालत होते. मात्र प्लास्टरवाल्यांपैकी सुमारे आठांत एकाचे हाड घसरून त्याला पुढे शस्त्रक्रिया लागली. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेनेही २०२० साली म्हटले आहे की, पासष्टीपुढे शस्त्रक्रियेने दूरच्या काळात रुग्णांना जाणवणारा विशेष फायदा दिसत नाही. कोलीस यांचे जुने निरीक्षण इथे भेटते. ऐंशीच्या घरातील, घरात बसून असणाऱ्या आजोबांचे मनगट थोडे वाकडे राहिले तरी त्यांचा घास अडत नाही. पण जो हात काठी किंवा वॉकर धरतो, ज्याच्यावर धार, भाकरी, खुरपणी अवलंबून आहे, किंवा ज्याचा सांधाच दुभंगला आहे, त्याचा हिशोब निराळा. म्हणून तज्ज्ञांपुढे बसताना फक्त एक्स-रे नेऊ नका. हा हात दिवसभर काय काय करतो तेही सांगा, आणि बोलू द्या ते आजी-आजोबांनाच. अनेकदा मुले आणि सुना बोलतात आणि ज्यांचा हात आहे ते खाली पाहत असतात.

खर्चाची धास्ती असेल तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी विचारावे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे वेगळे कार्डही मिळते, उत्पन्नाची अट नाही. ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेखाली होते का, एवढे आधी विचारून घ्यावे.

प्लास्टर असो वा प्लेट, बोटे पहिल्या दिवसापासून हालवायची: मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, तासातासाने दहा वेळा, खांदा आणि कोपरही. रात्री हात दोन उशांवर उंच ठेवावा. बोटे निळी, गार किंवा बधिर पडली, वा बोट सरळ करताना असह्य कळ आली तर सकाळची वाट न पाहता प्लास्टर सैल करून घ्यावे.

आणखी एक. नुसत्या घसरण्याने मनगट मोडले, म्हणजे हाडे ठिसूळ झाली असण्याची दाट शंका. पुढची मोड खुब्याची असू शकते. मनगट बरे झाले म्हणून फाइल बंद करू नका. डेक्सा तपासणी आणि ‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि या आठवड्यात मोरीसमोरचे शेवाळ घासून काढा.