बंदूक शेवटी घ्या

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे ब्राँझपदक मिळविले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी पदक आणले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे जावी लागली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटला आहे. पूर्वी आईबाप विचारीत, "बॅट कोणती घ्यावी?" आता विचारतात, "बंदूक कोणती घ्यावी?" आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत, जरा संकोचाने, "किंमत किती पडेल?"

स्वप्नील यांचा प्रकार पन्नास मीटरांचा, तीन आसनांचा आणि काडतुसाच्या बंदुकीचा. तिला परवाना लागतो. ती वाट पुढची. आपली शाळकरी मुले पहिल्या स्पर्धेला उभी राहतात ती बहुधा दहा मीटरांवर, हवेच्या दाबाने साडेचार मिलिमीटरचा छर्रा सोडणारी रायफल घेऊन. वीस ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या अशा रायफलीला आपल्याकडे परवाना लागत नाही. साठ नेम, सव्वा तासाचा अवधी, आणि ज्या ठिपक्यावर छर्रा बसायला हवा त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर! पोह्यात टाकलेली मोहरीही त्यापुढे मोठी वाटावी.

मी बरीच वर्षे स्पर्धांतून साहित्य तपासणीच्या टेबलापाशी बसत आलो आहे. नेमबाज आत जाण्यापूर्वी त्याचे जाकीट, बूट, बंदूक आमच्या हाताखालून जाते. या टेबलावरून माणसे फार चांगली दिसतात. नव्याकोऱ्या जर्मन रायफलीची पेटी घेऊन वडील पुढे येतात आणि मागून मुलगा येतो तो मामेभावाच्या जाकिटात, बाह्या बोटांपर्यंत लोंबत असलेला. लाखांचा ऐवज पेटीत आणि अंगावर उसनवारी! मला हे उलटे हवे. रायफल उसनी चालेल, जाकीट अंगचे हवे.

कारण सांगतो. दहा मीटरांची कोणतीही बरी रायफल, क्लबातली दहा वर्षे वापरलेलीसुद्धा, पकडीत घट्ट आवळून झाडली तर छऱ्यामागून छरा जवळजवळ त्याच भोकातून पाठवते. हलते ते माणूस. उभ्याने नेम धरताना डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकते, पाठ किंचित मागे झुकते आणि चार-पाच किलोचे वजन स्नायूंनी नव्हे, हाडांनी पेलायचे असते. (साडेपाच किलोंपेक्षा जड रायफल नियमात बसत नाही.) कॅन्व्हास आणि चामड्याचे ते ताठ जाकीट पाठीला आधार देते. तेरा-चौदा वर्षांच्या वाढत्या पाठीला तर हा आधार हवाच. जाकीट सैल असेल तर आधार नाही, फार आवळ असेल तर आमच्या टेबलावर अडते. बटणे लावल्यावरही ते सुमारे सात सेंटिमीटर आणखी ओढून घेता आले पाहिजे, कापडाचा पदर अडीच मिलिमीटरांहून जाड नको, आणि मापयंत्राखाली ते तीन मिलिमीटर तरी दबले पाहिजे. दुकानदार "हे चालतं हो, सगळेच घेतात" म्हणाला तर मान डोलवावी आणि दुसरे दुकान पाहावे.

बुटांचेही तसेच. सपाट तळाचे, पण वाकणारे. चालताना मूल बदकासारखे दिसते, त्याला हसू नये.

एकदा एक बाई मुलीला घेऊन टेबलाशी आल्या. शाळेत शिक्षिका, मुलगी आठवीत. स्पर्धा महिन्यावर होती, त्या नुसती चौकशी करायला आल्या होत्या. मुलगी पाणी प्यायला गेली तशा हळूच म्हणाल्या, "काका, रायफलीसाठी पाटल्या मोडायच्या म्हणते मी. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. मोडू का?"

मी विचारले, "क्लबात कोणती रायफल वापरते?"

"तिथलीच. जुनी आहे म्हणते. बरोबरच्या दोघींच्या स्वतःच्या आहेत."

"ताई, पाटल्या राहू द्या. त्या रायफलीची गालपट्टी आणि दस्ता तिच्या मापाला लावून घ्या, आणि लावलेली मापे वहीत लिहून ठेवायला सांगा. दुसऱ्या कोणी हात लावला तरी पाच मिनिटांत पुन्हा तशी करता येईल. पैसे जाकिटाला घाला, तेही आपल्याकडे शिवलेले. पोर उंच होणार आहे."

बाई काही बोलल्या नाहीत. मुलगी परत आली तेव्हा तिने त्यांच्या हाताकडे पाहिले. तिला सगळे ठाऊक होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. स्पर्धेच्या दिवशी ती क्लबाच्याच रायफलीने खेळली, आणि बाईंच्या हातात पाटल्या होत्या. गुण बेताचेच पडले. पण साठावा नेम झाल्यावर ती पाठ न धरता सरळ चालत बाहेर आली, हे मी पाहिले.

वापरलेली रायफल घ्यायचीच झाली, तर आधी तिच्या हवेच्या नळकांड्यावरची तारीख वाचा. त्यात दोनशे बार दाबाची हवा कोंडलेली असते आणि त्या नळकांड्याला मुदत असते. मुदत उलटलेले नळकांडे स्वस्त मिळते. ते का, हे विकणारा सांगत नाही.

शेजारचे एक गृहस्थ मला ऐकवतात, "अहो, तो तुर्कस्तानचा युसुफ दिकेच! साधा चष्मा, एक हात खिशात, आणि रौप्यपदक!" खरे आहे, पॅरिसमध्ये मिश्र जोडीत त्यांनी ते मिळविले. पण ते पिस्तूल होते. पिस्तुलाला ताठ जाकीट नसतेच, आणि दुसरा हात खिशात घालायची तर रीतच आहे. खर्चाच्या दृष्टीने पिस्तूल घराला हलके पडते, हे मात्र मी आईबापांना आवर्जून सांगतो. मुलाला काय आवडते ते आधी पाहावे, इतकेच. आणि साधन थोडे असले तरी ते नीट हवे. मनू भाकरच्या पिस्तुलात २०२१ साली टोकियोत ऐन फेरीत बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली, अंतिम फेरी हुकली. त्याच प्रकारात २०२४ साली तिने ब्राँझ मिळविले.

छर्रे सपाट तोंडाचे घ्यावेत आणि सरावाला जे वापरले तेच स्पर्धेला न्यावेत. आदल्या दिवशी नवा डबा फोडून प्रयोग करू नये. छर्रे शिशाचे असतात. मुले त्याच बोटांनी डब्यातली पोळी मोडतात, तेव्हा साबणाची वडी पिशवीत असू द्यावी. डोळा मिटून नेम धरला तर चेहरा थकतो, म्हणून चष्म्याला लावायची छोटी पट्टी घ्यावी. तीन सेंटिमीटरांहून रुंद नको.

आणि एक भडक नारिंगी दोरी. बंदूक रिकामी आहे हे लांबून दिसावे म्हणून ती नळीतून आरपार घालून ठेवतात. दोरी नसेल तर आम्ही पेटी उघडूनही पाहत नाही. सगळ्या खरेदीत हीच सर्वांत स्वस्त, आणि हीच पहिली घ्या.