निबंधात दुःख कमी पडतंय

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, माझ्या निबंधात दुःख कमी पडतंय म्हणे."

पोरगं अमेरिकेतल्या एमबीएला अर्ज करतंय. पुण्यातला एक कन्सल्टंट धरलाय, फी लाखांत. बापाची बार्शीला पिठाची गिरणी. गिरणी नीट चालते, घर आहे, पोरगं इंजिनिअर झालं. कन्सल्टंट विचारतो, "फादरचं कर्ज वगैरे? दुष्काळ? मराठवाडा साइडचे ना तुम्ही?" (बार्शी सोलापूर जिल्ह्यात येते, पण जाऊ दे.)

मला त्या कन्सल्टंटचा फार राग नाही. गिऱ्हाईक मागतं ते तो विकतो. राग आहे तो मागणाऱ्यांचा. स्टॅनफर्ड वर्षानुवर्षं विचारतंय, तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय आणि का? प्रश्न सुंदर आहे हो. पण उत्तरावर सीट अवलंबून असली की खरं उत्तर कोण देणार? हार्वर्डने 2024 मध्ये मोठा निबंध मोडून तीन छोटे केले, 300, 250 आणि 250 शब्दांचे. म्हणजे आता तीन कप्प्यांत आयुष्य भरायचं.

शिवाय आमच्याकडे याचा सरावच नाही. मराठी शाळेत आम्ही फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त लिहिलं, नदीचं लिहिलं, पडक्या किल्ल्याचं लिहिलं. स्वतःचं कुणी विचारलं नाही. उलट घरी शिकवलं, स्वतःची टिमकी वाजवू नये, घरातलं बाहेर सांगू नये. ज्या घरांत लहानपणापासून जेवणाच्या टेबलावर 'तुला काय वाटतं' विचारतात, इंग्रजीत, त्यांची पोरं हा पेपर आधीच सोडवून आलेली असतात.

आणि 'आम्हाला मार्क नको, माणूस बघायचाय' हे वाक्य जुनं आहे. 1922 साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना ज्यू विद्यार्थी जास्त वाटायला लागले. उघड कोट्याला विरोध झाला, मग काही वर्षांत पदवीच्या प्रवेशात 'चारित्र्य' आणि व्यक्तिमत्त्व तोलायला सुरुवात झाली. आजच्या बिझनेस स्कूलचा हेतू तो आहे असं मी म्हणत नाही. पण माणूस बघायचा म्हटलं की बघणाऱ्याची आवड शिरते, एवढं तर मान्य कराल?

आता कमेंटमध्ये लगेच येईल, मग काय नुसती कॅट घ्यायची? नाही. कॅटलाही क्लास लागतात. निदान आपल्या आयआयएममध्ये लेखी परीक्षा असते तिथे विषय समोर ठेवतात आणि बसल्या जागी लिहायला लावतात. इंग्रजीचा अडथळा तिथेही आहेच, पण शेजारी कन्सल्टंट बसलेला नसतो. विचारायचंच तर कामाचं विचारा, दुखऱ्या जागेचं नको.

हे सगळं मी साधू म्हणून बोलत नाहीये. 2011 ला मीही तेच केलं. आईचं आजारपण माझा 'टर्निंग पॉइंट' झालं. निबंधात मी रात्ररात्र तिच्या उशाशी बसलो होतो. प्रत्यक्षात चार दिवस घरी येऊन परत पुण्याला गेलो, सगळं बहिणीने केलं. प्रवेश मिळाला. आईने विचारलं, "काय लिहिलंस रे त्यात?" म्हटलं, कंपनीतल्या कामाचं. तिला इंग्रजी येत नाही.

भाच्याला म्हटलं, गिरणीवर लिही. लोडशेडिंग होतं तेव्हा लाइट दोन-तीन तास यायची आणि डब्यांची रांग रस्त्यापर्यंत. तुझ्या बापाने नियम काढला, लांबच्या वस्तीवरून आलेल्याचा डबा आधी, गल्लीतल्यांचा नंतर. गल्लीतले भांडले, दोन घरं कायमची तुटली, पण नियम बदलला नाही. मॅनेजमेंट अजून काय असतं?

"पण मामा, त्यात मी कुठंय?"

"तू डबे उचलून द्यायचास की."

त्याने लिहिलं, चांगलं लिहिलं. कन्सल्टंट म्हणाला, क्यूट आहे, पण स्ट्रगल दिसत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला तारीख आहे. दोन्ही ड्राफ्ट त्याच्या लॅपटॉपवर पडून आहेत, एकात बाप कर्जबाजारी, एकात गिरणी चालू. रोज रात्री फोन करतो, मामा कुठला पाठवू? बापाला अजून दोन्ही दाखवलेले नाहीत.