नटाला जागा नाही

रोमन नाटक म्हटले की मुखवटे घातलेले नट डोळ्यांपुढे येतात. पण तिथल्या सामान्य माणसाला ओढ होती ती 'माइम'ची. आज हा शब्द मूकाभिनयाला वापरतात. तेव्हा मात्र त्यात बोलणे भरपूर असे आणि चावटपणाही. मुखवटा नाही, पायात वहाण नाही, आणि बाईची भूमिका बाईच करी. गर्दी लोटे. तरी पैशासाठी रंगमंचावर उतरणारा माणूस कायद्याने बेअब्रूचा ठरे. इ.स.पूर्व 18 च्या कायद्याने तर सिनेटरच्या मुलाला नटीशीच काय, नटीच्या मुलीशीही लग्न करण्यास बंदी केली.

इ.स.पूर्व 46 ची गोष्ट. डेसिमस लाबेरियस हा सरदार वर्गातला साठीचा लेखक. माइम लिहिल्याने त्याची प्रतिष्ठा गेली नव्हती. ती जायची स्वतः नाचल्या-बोलल्याने. ज्युलियस सीझरने त्याला तेच करायला लावले. स्पर्धेत समोर होता पब्लिलियस सायरस: सीरियातून गुलाम म्हणून आणलेला, हजरजबाबीपणामुळे मुक्त झालेला. लाबेरियस मुद्दाम सीरियन गुलामाचा वेष घेऊन आला आणि सत्ताधीशाला असे टोमणे मारले की सगळ्या माना सीझरकडे वळल्या. बक्षीस मात्र पब्लिलियसला मिळाले.

मग सीझरने लाबेरियसला सोन्याची अंगठी व 5 लाख सेस्टर्स देऊन गेलेला दर्जा परत केला. आम्ही पडलो कारकून, आकडा दिसला की हिशेब मांडतोच. सैनिकाचा वर्षाचा पगार तेव्हा सुमारे 900 सेस्टर्स. म्हणजे ही साडेपाचशे वर्षांची कमाई झाली! एवढे घेऊन म्हातारा सरदारांसाठी राखीव असलेल्या 14 रांगांकडे गेला, तर कोणी सरकून जागा देईना. सिसेरोनेही थट्टाच केली.

आम्हांला त्याची दया येते, पण अर्धीच. जो वेष त्याला एका दिवसाची विटंबना वाटला, ते पब्लिलियसचे जगणे होते. त्या नट्यांना तर अंगठी देऊन कायद्याच्या नजरेत पुन्हा उभे करणारा कोणी नव्हता.

पब्लिलियसची नाटके आज उरलेली नाहीत. त्यांतली सुमारे 700 सुवचने तेवढी टिकली. चौथ्या शतकात रोमच्या शाळेतली मुले ती शिकत होती. त्यांत सरदारांचीही असणारच.