आरसी मिळाली, दुसरी चावी मिळाली, पण चाकाच्या नटाची चावी विचारली का?

समजा, जामखेडच्या एका पोराने पुण्यातून सेकंडहँड गाडी आणली. मॅगव्हील, टचस्क्रीन, मागे कॅमेरा, सगळं एक नंबर. महिनाभराने घरच्यांना घेऊन तो बीडला निघाला. सौताडा ओलांडलं, अंधार पडला आणि खड्ड्याच्या धारेवर टायरची बाजूच फाटली.

घाबरायचं कारण नव्हतं. डिक्कीत स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. त्याने एक नट सोडला, दुसरा सोडला, तिसरा सोडला. चौथ्यावर मात्र पाना बसेचना. मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं तर तो नट बाकीच्यांसारखा षटकोनी नव्हताच. बाहेरून गोल, गुळगुळीत आणि तोंडावर वेडीवाकडी नक्षी.

ही गोष्ट समजा म्हणून सांगितली, पण असा नट तुमच्याही गाडीला असू शकतो. त्याला म्हणतात लॉक नट. तो बसवला जातो चोराला अडवायला, पण अडकून पडतो बऱ्याचदा मालकच. असं का होतं, तेच समजून घेऊ.

लॉक नट म्हणजे नेमकं काय?

साधा व्हील नट षटकोनी असतो. 19 किंवा 21 नंबरचा पाना असला की बहुतेक गाड्यांचं चाक कुणालाही काढता येतं. पंक्चरवाल्याची सोय होते आणि चोराचीही. मॅगव्हीलचा सेट महाग असतो, विकायला सोपा असतो आणि गाडीच्या इंजिनसारखा त्याच्यावर नोंदणीचा नंबर नसतो. म्हणून पार्किंगमधल्या गाडीची चारही चाकं काढून ती विटांवर टेकवून पळ काढायचे प्रकार होतात.

यावर उपाय म्हणून प्रत्येक चाकाचा एक साधा नट काढून तिथं लॉक नट बसवतात. चार चाकांना चार नट आणि सगळ्यांना मिळून एक चावी. ही चावी म्हणजे हाताच्या मुठीत मावेल एवढी छोटी गोटी. तिच्या एका बाजूला नटावरच्या नक्षीचा उलटा साचा असतो, दुसऱ्या बाजूला नेहमीचा पाना बसतो. काही नटांना बाहेरून फिरती कडी असते. त्यावर कुणी दुसरी गोटी ठोकून बसवली, तरी कडी नुसतीच गरगर फिरते आणि आतला नट जागचा हलत नाही.

जगभर हा प्रकार जुना आहे. अमेरिकेतली मॅकगार्ड कंपनी 1964 पासून या धंद्यात आहे. आपल्याकडे काही गाड्यांना हे नट आधीपासून असतात, तर बरेच जण मॅगव्हील टाकताना अॅक्सेसरीजच्या दुकानातून बसवून घेतात.

मग चावी हरवते कशी?

यामागे एक गंमत आहे. ट्यूब असलेल्या टायरचं पंक्चर काढायचं म्हणजे चाक काढावंच लागायचं. आता टायर ट्यूबलेस आहेत. खिळा उपसला, पट्टी मारली, हवा भरली, गाडी चालू. चाक काढायची वेळ येते ती टायर अदलाबदल करताना, ब्रेकच्या कामाला किंवा टायर फाटलाच तर. म्हणजे या चावीची महिनोन्महिने, कधी वर्षभरही आठवण होत नाही. जी वस्तू रोज लागत नाही, ती हरवल्याचं रोज कळतही नाही.

दुसरी जागा म्हणजे गॅरेज. काम झाल्यावर चावी पान्यालाच अडकून राहते आणि गाडी तिच्याशिवाय घरी येते. तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे गाडीचा व्यवहार. तालुक्याच्या गावात सेकंडहँड गाडी बऱ्याचदा शहरातून येते, कधी दोन-तीन हातांतून फिरून. घेणारा आरसी बघतो, विमा बघतो, पीयूसी बघतो, दुसरी चावी मागतो. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होतात. पण चाकाच्या चावीसाठी कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही. विकणाराही विसरलेला असतो, घेणाऱ्याला तर ती असते हेच माहीत नसतं.

शहरात चावी नसली तर एक दिवस जातो. जामखेडसारख्या ठिकाणाहून मोठ्या सर्व्हिस सेंटरसाठी अहिल्यानगर गाठायचं म्हणजे एका बाजूने पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, आणि तेही चाक धड असेल तर. रात्रीच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक अंगाजवळून जात असताना, घरच्यांसोबत थांबून राहणं ही नुसती गैरसोय नाही. तो जिवाचा धोका आहे.

चावी असेल तर नट कसा सोडायचा?

गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, गिअर टाका, दुसऱ्या चाकांना दगड लावा. जॅक लावायच्या आधीच, चाक जमिनीवर असतानाच, नट थोडे ढिले करा.

लॉक नट आधी सोडायचा आणि बसवताना सगळ्यात शेवटी आवळायचा. कारण बाकीचे नट काढल्यावर सगळा ताण त्या एकावर येतो आणि चावीची नक्षी झिजते. नटाच्या तोंडातली माती आधी काढा, चावी पूर्ण आत बसवा, पाना सरळ धरा. तिरका जोर लावला की चावी निसटते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लॉक नटावर एअर गन चालवू द्यायची नाही. गनच्या दणक्याने चावीचे दात तुटतात. चावी हरवत नाही अशा कितीतरी वेळा ती अशी मोडते. गॅरेजवाल्याला आधीच सांगा, "दादा, हा एक नट हाताने सोडा, हातानेच आवळा."

किती आवळायचा याचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. छोट्या-मध्यम कारला तो साधारण 90 ते 120 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. पान्यावर उभं राहून आवळू नका आणि आट्यांना ग्रीस लावू नका. चाक बदलल्यावर 80-100 किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासा.

आणि चावी नसेलच तर?

आधी नीट शोधा. स्टेपनीखालचा खड्डा, जॅकच्या फोमची खाच, ग्लोव्ह बॉक्स, सीटखाली. मग आधीच्या मालकाला फोन लावा. नटाच्या सेटसोबत बहुतेक वेळा कोड असलेलं कार्ड येतं किंवा कोड चावीवरच असतो. कार्ड सापडलं तर दुसरी चावी मागवता येते. काही सर्व्हिस सेंटरकडे वेगवेगळ्या नक्षींचा संच असतो, तिथं जुळणारी चावी मिळू शकते.

तेही नाही जमलं तर गॅरेज. तिथं नटापेक्षा किंचित छोटी गोटी घणाने ठोकून बसवतात आणि फिरवतात. यासाठी उलट्या आट्यांच्या खास गोट्याही मिळतात, त्या सोडताना नटात आणखी रुतत जातात. फिरत्या कडीचा नट असेल तर आधी कडी फोडावी लागते. शेवटचा मार्ग म्हणजे नटावर दुसरा नट वेल्ड करणं किंवा ड्रिल मारणं. यात मॅगव्हील खराब होऊ शकतं, स्टड तुटू शकतो. म्हणून हे काम जाणत्या माणसाकडेच द्या, रस्त्याच्या कडेला छिन्नी घेऊन बसू नका.

काढलेल्या नटाच्या जागी नवा बसवताना आटे जुळवून घ्या. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना 12 बाय 1.25 चे आटे असतात, ह्युंदाई, होंडा, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना 12 बाय 1.5 चे. दोन्ही नट दिसायला सारखेच असतात. चुकीचा नट जोर लावून बसवला की स्टड गेला. स्कोडा, फोक्सवॅगनला तर नट नसून बोल्ट असतात.

मग लॉक नट लावायचे की नाही?

गाडी रात्री उघड्यावर उभी राहत असेल आणि मॅगव्हील महाग असेल, तर लावा. पण गॅरेजवाला जी हत्यारं वापरतो, ती चोरालाही मिळतात. लॉक नट चोराला फक्त उशीर लावतो आणि आवाज करायला भाग पाडतो. बऱ्याचदा तेवढं पुरतं. गाडी कंपाउंडमध्ये राहत असेल किंवा साधं लोखंडी चाक असेल, तर साधे नटच बरे. आणि चावी मोडायच्या बेतात असेल तर आजच चारही लॉक नट काढून साधे बसवून टाका, नट अडकल्यावर तेच काम महागात जातं.

आता मोबाइल बाजूला ठेवा आणि खाली जाऊन चारही चाकं बघा. एखादा नट वेगळा दिसला तर डिक्की उघडून चावी शोधा. सापडली तर कोडचा फोटो काढून ठेवा. नाही सापडली, तर उद्या दिवसाउजेडी गॅरेज गाठा. आज ती दारात शोधणं सोपं आहे, सौताड्याच्या पुढे अंधारात नाही.