सांगितलं तर किती दिवस?

मिनेसोटातला जानेवारी म्हणजे घरकोंडी. बाहेर उणे २२ (सेल्सियस, फॅरनहाइटशी माझं १२ वर्षांत जमलेलं नाही), शाळेला सुट्टी, आणि बर्फाखाली रस्ता कुठे संपतो नि अंगण कुठे सुरू होतं ते कळत नाही. अशाच एका संध्याकाळी आम्ही तिघं पिठलं-भात खात बसलो होतो. १० वर्षांचे आमचे चिरंजीव बराच वेळ भातात नुसता चमचा फिरवत होते. मग एकदम म्हणाला, "बाबा, एक गोष्ट सांगितली तर किती दिवस?"

मला काही कळेना. "कसले दिवस?"

"टॅब किती दिवस बंद?"

म्हणजे गुन्हा सांगण्याआधी साहेब शिक्षेचा भाव ठरवून घेत होते. मी हसणारच होतो, पण बायकोचा चेहरा बघून गप्प बसलो. "एकही दिवस नाही," ती म्हणाली. "सांग."

तर झालं होतं ते असं. माझा लेक आणि कोल्हापूरचा माझा भाचा (वय ११) एक गेम मिळून खेळतात. आमच्याकडे शनिवारी रात्रीचे ८ म्हणजे तिकडे रविवारी सकाळचे साडेसात. दोघांना मराठी बोलायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही म्हणून मीच ते सुरू करून दिलं होतं. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गेम बदलला तरी गोष्ट हीच राहते. तीनेक आठवड्यांपूर्वी या दोघांत एक तिसरा आला. "मी १२ वर्षांचा," म्हणाला. खेळायला चांगला. दोघांना गेममधली नाणी भेट दिली, भाच्याला एक भारी पोशाख दिला. मग, शाळा कुठली, घरी आता कोण आहे, तू दिसतोस कसा. मग, इथे टाइप करायला वेळ लागतो, त्या दुसऱ्या ॲपवर ये. आणि शेवटी, "आईबाबांना सांगू नको हं, नाहीतर ते गेम बंद करतील."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हापासून सोडत नाहीये. कारण ते त्या माणसाचं नाहीच, ते माझं आहे. दिवाळीच्या सुमारास लेकाने चॅटमध्ये कुठलीशी शिवी लिहिली म्हणून मी ३० दिवस टॅब कपाटात ठेवला होता आणि मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "परत असलं काही कळलं तर गेम कायमचा बंद." मी दिलेली धमकी एका परक्या माणसाने आयती उचलली आणि माझ्या पोरावर चालवली. त्याला स्वतः काही धमकी द्यावीच लागली नाही.

लेक दुसऱ्या ॲपवर गेला नव्हता. भाचा गेला होता. सुदैवाने फोटो पाठवला नव्हता.

रात्रीच ताईला फोन लावला. तिने दाजींना सांगितलं, आणि १० मिनिटांत दाजींचा फोन. "काढला बघ मोबाइल. गेम उडवला, ते ॲप उडवलं, मोबाइल कपाटात. विषय संपला."

दाजी, तुमच्याबद्दल मला आदर आहे आणि लहानपणी तुमच्या स्कूटरवर मी पुष्कळ फिरलोय. पण विषय संपला नाही. उलट दोन गोष्टी झाल्या. पहिली, पुरावा गेला. त्या माणसाचं खात्याचं नाव, त्याचे मेसेज, तारखा, सगळं त्या ॲपबरोबर गेलं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलांना इलेक्ट्रॉनिक मार्गाने लैंगिक त्रास देणं हा गुन्हा आहे. पण अशा माणसाचा माग काढायला पोलिसांना धागा लागतो, आणि रागाच्या भरात तो आपणच तोडतो. आधी स्क्रीनशॉट, मग तक्रार, मग ब्लॉक, आणि उडवायचं असेल तर सगळ्यात शेवटी. दुसरी गोष्ट जास्त वाईट. भाच्याला पक्कं कळलं की तो माणूस खरं बोलत होता. घरी कळलं आणि गेम बंद झाला!

परदेशात बसून शहाणपणा शिकवतोय, असं कुणाला वाटेल. वाटू दे. ३० दिवसांची शिक्षा मीही याच शहाणपणातून दिली होती. आणि इथलं सगळं छान आहे असंही नाही. इथल्या आईबापांचा आजार वेगळा, 'पेरेंटल कंट्रोल' लावलं की कर्तव्य संपलं! मीही लावलं होतं. माझं पोटापाण्याचं काम म्हणजे गोंगाटातून नेमका सिग्नल वेगळा काढणं, आणि डॉक्टरेटही त्यातच. त्यामुळे गेममधली भाषा गाळणाऱ्या यंत्रणेवर माझा जरा जास्तच विश्वास होता. वास्तविक कमी असायला हवा होता. गाळणी बारीक केली की चांगलं बोलणंही अडतं, मोकळी ठेवली की घाण जाते. याला मधला सोन्याचा आकडा नसतो.

याचा एक जुना किस्सा आहे. १९९० च्या दशकात डिस्नेला मुलांसाठी अशी चॅट हवी होती की ज्यात कुणी कुणाला त्रास देऊच शकणार नाही. तेव्हा टाइप करायची सोयच काढून टाकली. फक्त निरुपद्रवी शब्दांची यादी, प्राणी, गाड्या, रंग वगैरे, आणि त्यातून निवडून वाक्य जुळवायचं. काही आठवडे खपून हे बांधलं आणि चाचणीसाठी १४ वर्षांच्या एका मुलाला समोर बसवलं. काही मिनिटांत त्याने जिराफ आणि ससा घेऊन असं वाक्य जुळवलं की मला इथे लिहवत नाही. रँडी फार्मर या जुन्या इंजिनिअरने २००७ मध्ये हे लिहून ठेवलंय. पुढे डिस्नेच्या 'टूनटाउन' या गेममध्ये फक्त तयार वाक्यं ठेवली, तर मुलांनी गेममधल्या घरातलं सामान हलवून अक्षरं बनवली! मुलांना एकमेकांशी बोलायचंच असतं. आणि माझा भाचा रोमन लिपीत कोल्हापुरी मराठी लिहितो, ती अमेरिकेत बसलेल्या कुठल्या गाळणीला कळणार? (त्याच्या शिव्या एकदाही अडल्या नाहीत. माझ्या लेकाने शाळेतल्या धड्याचं नाव लिहिलं तर चांदण्या.)

शिवाय तो तिसरा तीन आठवड्यांत एकही वाईट शब्द बोलला नव्हता. गाळणार काय? 'घरी कोण आहे' यातला कुठला शब्द घाणेरडा आहे? तो दुसऱ्या ॲपवर बोलावतो तेच मुळी यासाठी, की गेममध्ये थोडीफार नजर असते, मागे नोंद राहते आणि तक्रारीचं बटण समोर असतं. 'इथून दुसरीकडे चल' हीच खरी घंटा.

कंपन्यांना मी सोडतोय असं समजू नका. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'फोर्टनाइट'वाल्या एपिक गेम्सशी जो समझोता केला, त्यात मुलांच्या खासगीपणाचा कायदा मोडल्याबद्दलचा दंड २७.५ कोटी डॉलर होता. कमिशनच्या तक्रारीतला मुद्दा साधा होता. लिखित आणि आवाजी चॅट आपोआप चालू ठेवलेली आणि मुलांची गाठ परक्यांशी घालून दिलेली. २०१७ पासून कंपनीतलेच लोक सांगत होते की हे बदला, तरी कंपनी टाळत राहिली, असंही त्या तक्रारीत होतं. शेवटी हुकूम निघाला की मुलांसाठी चॅट मुळात बंद हवी. मी इंजिनिअर म्हणून सांगतो, चॅट मुळात बंद ठेवणं हे दुपारच्या चहाआधी होणारं काम आहे. ते वर्षानुवर्षं झालं नाही, कारण एकमेकांशी बोलणारी मुलं जास्त वेळ खेळतात. रोब्लॉक्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये १३ वर्षांखालच्या मुलांना गेमबाहेरचे खासगी मेसेज बंद केले, आणि जानेवारी २०२६ पासून चॅटसाठी चेहऱ्यावरून वयाची तपासणी आणली. बरं केलं. पण कॅमेऱ्याने बांधलेला वयाचा अंदाज हा अंदाजच, आणि आपल्याकडे घरात थोरला चुलत भाऊ असतोच की चेहरा पुढे करायला!

तेव्हा कंपन्यांना दंड व्हावेत, कायदे कडक व्हावेत, मी सही करायला तयार आहे. पण त्या शनिवारी आमच्या पोराला वाचवलं ते त्याने तोंड उघडलं म्हणून.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत पोलिसांच्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अक्षय कुमारने स्वतःच्या मुलीचा अनुभव सांगितला, तो तुम्ही वाचला असेल. ऑनलाइन गेममध्ये समोरचा गोड बोलत होता, मग कुठली, मुलगा की मुलगी, आणि मग एकदम नग्न फोटोची मागणी. तिने सगळं बंद केलं आणि आईला जाऊन सांगितलं. नंतरच्या बातम्यांत भर होता तो नट, मुलगी आणि 'बघा काय जमाना आलाय' यावर. मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते 'आईला जाऊन सांगितलं' एवढंच. सातवी ते दहावीला आठवड्यातून एक सायबरचा तास ठेवा, असं त्याने मुख्यमंत्र्यांना तिथेच सुचवलं. तास जरूर ठेवा, पण सातवी फार उशीर झाला. आमचा भाचा पाचवीत आहे आणि तिसरीपासून खेळतोय.

आणि कृपा करून 'आमच्या मुलांवर संस्कार आहेत' हे सांगू नका. आमचा भाचा शुभंकरोति म्हणतो, मोठ्यांच्या पाया पडतो, आणि कुणी काही दिलं तर 'थँक्यू' म्हणतो. नेमकं तेच त्याने केलं. माणूस भेटी देतोय, मोठ्या प्रेमाने विचारपूस करतोय, त्याला उलट उत्तर कसं द्यायचं? लहानपणी आम्हाला शिकवलं की अनोळखी माणसाने दिलेलं चॉकलेट घ्यायचं नाही. पण तीन आठवडे रोज भेटणारा माणूस मुलाच्या लेखी अनोळखी राहतच नाही, तो मित्र असतो. मोठ्याला 'नाही' म्हणायला आणि न विचारता खेळातून उठून जायला आपण शिकवतच नाही. वर मुलगा खरं बोलला की आधी त्याच्या हातातलं खेळणं काढून घेतो, आणि मग त्याने विश्वासाने येऊन सांगावं अशी अपेक्षा धरतो.

आमच्या घरी आता कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. चॅटमध्ये काही विचित्र झालं आणि येऊन सांगितलं, तर शिक्षा ० दिवस. तू आधी चुकलेला असलास तरी ०. फोटो पाठवून बसलास तरी ०. लेकाने खाली माझी सही घेतली, तारखेसह. (इंजिनिअरचा मुलगा.) तिकडे गेम कंपनीला सगळे स्क्रीनशॉट पाठवले, साचेबद्ध उत्तर आलं. इथल्या सायबर टिपलाइनवरही तक्रार केली. भारतात मुलांसाठी १०९८ आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीच्या तक्रारी नाव न देताही करता येतात. ताईला हे दोन्ही दिलं, पण तिच्याकडे द्यायला काही उरलंच नव्हतं.

मागच्या रविवारी भाच्याचा व्हॉइस मेसेज आला, आजीच्या फोनवरून. आवाज अगदी बारीक. "मामा, पप्पांना सांगू नकोस. मी आजीच्या फोनवर गेम टाकलाय. आजीला कळत नाही. तो परत आलाय, वेगळ्या नावाने. तोच आहे, मला माहितीये."

मी त्याला म्हणालो, आईला सांगावंच लागेल, पण आधी तिच्याकडून कबूल करून घेतो. ताईला फोन केला. काय झालंय ते सांगण्याआधीच विचारलं, "सांगितलं तर किती दिवस?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शून्य. सांग." या वेळी काही उडवलं नाही. तिने सगळे मेसेज जपून ठेवलेत आणि तक्रार केलीय.

हे लिहितोय ते तिला आणि भाच्याला विचारूनच. दाजी नियमितपणे माझं लिखाण वाचतात. दाजी, तुमचा आकडा अजून आलेला नाही.