बाड कुणाच्या हाती द्यावं?

आमच्या देगलूरच्या एका मैत्रिणीने कादंबरी पूर्ण केली. छापायला प्रकाशकाने तिच्याकडेच पैसे मागितले, तर ही बाई पाटल्या मोडायला निघाली! इंग्रजीत लेखकाच्या वतीने प्रकाशक गाठणारे एजंट असतात. आपल्याकडे स्वतःच पुण्या-मुंबईचे उंबरे झिजवायचे. मैत्रिणींनो, पैसे घेऊन छापतो तो माझ्या मते छापखानेवाला. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी करा. ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. फलटणच्या बेबीताई कांबळेंनी दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून लिहिलेलं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपात आलं. वाट पाहावी लागते. तोवर बाडाची झेरॉक्स तेवढी घरी ठेवा.